सहा वाजताचे बाबा

उन्हाळी वेळ लागू झाली त्या रविवारी देशात काहीही घडले नाही. मीनल आरोलकरच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी घटना होती.

विमाने सुटली, गाड्या आल्या, परीक्षांच्या घंटा झाल्या, शस्त्रक्रियागृहातली उपकरणे आपापल्या मोजणीत मग्न राहिली. नागपूरच्या कालसंयोजन केंद्रातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर सकाळपासून हिरव्या ठिपक्यांखेरीज काही उगवले नव्हते. गोंधळाचे चित्रीकरण करायला आलेली वाहिनीची दोन माणसे दुपारी संत्रा बर्फी खाऊन, कंटाळून निघून गेली.

"एखादा तरी लाल ठिपका दाखवायला पाहिजे होता, मॅडम," तिचा सहकारी इंगोले म्हणाला. "काहीच बिघडलं नाही म्हटल्यावर लोक विचारतील, हे इतके जण दोन वर्षं करत काय होते?"

"हेच करत होते. काही बिघडू न देणं."

"हे आमच्या घरी सांगून पाहा. बायको म्हणते, एक तास पुढे करायचा तर भिंतीवरचं घड्याळ काढा, मागची चावी फिरवा, परत लटकवा. त्याला केंद्र कशाला पाहिजे?"

बहुतेकांची समजूत हीच होती, आणि ती चुकीची होती. संगणकाला किती वाजले हे कळत नाही. त्याला फक्त मोजता येते: एका ठरलेल्या क्षणापासून किती सेकंद उलटले, एवढेच. त्या संख्येचे 'सकाळचे दहा' करायचे असतील तर एक नियम बाहेरून आणावा लागतो. या देशात, या तारखेला, जागतिक वेळेत इतके तास मिळवा. सेकंद निसर्गाच्या अखत्यारीत येतात, नियम सरकारांच्या. आणि सरकारे नियम बदलतात, कधी तर काही दिवसांच्या सूचनेवर. म्हणून जगभरच्या नियमांचा एक सामाईक तक्ता ठेवलेला असतो आणि शहाणा प्रोग्रामर दर वेळी त्या तक्त्याला विचारून मगच वेळ सांगतो.

भारतात असे विचारण्याची गरजच पडली नव्हती. महायुद्धातली काही वर्षे सोडली तर देशाची वेळ पिढ्यान् पिढ्या हलली नव्हती. त्यामुळे इथल्या लक्षावधी यंत्रांच्या पोटात 'साडेपाच तास मिळवा' हे वाक्य तक्त्याला न विचारता थेट कोरलेले होते. पुढे देशाची निम्मी वीज सूर्यावर चालू लागली आणि मावळतीनंतरची मागणी झेपेनाशी झाली, तेव्हा सरकारने सूर्याला थांबवण्याऐवजी माणसांना एक तास लवकर उठवायचे ठरवले. मार्च ते ऑक्टोबर घड्याळे पुढे. कोरलेले वाक्य प्रत्येक यंत्रातून खरवडून काढणे अशक्य होते. मीनलच्या गटाने यंत्रे आणि माणसे यांच्यामध्ये एक प्रणाली बसवली. तिचे नाव 'मध्यस्थ'.

मध्यस्थाचे खरे काम भूतकाळाशी नव्हते. झालेली गोष्ट हा क्षण असतो. तिचे सेकंद मोजून झालेले असतात. होणारी गोष्ट हा बेत असतो, आणि बेत दोन प्रकारचे असतात. बुधवारी दहाला दंतवैद्याकडे जायचे असेल तर ते घड्याळाला बांधलेले असते. घड्याळ सरकले की भेटही सरकते, कारण दंतवैद्यही त्याच घड्याळाने येणार असतो. दर सहा तासांनी इंजेक्शन द्यायचे असेल तर ते उलटणाऱ्या काळाला बांधलेले असते. जंतूंना राजपत्रातली अधिसूचना लागू होत नाही. पहिल्या प्रकारच्या नोंदी मध्यस्थ घड्याळाबरोबर सरकवत असे, दुसऱ्या प्रकारच्या जागच्या जागी ठेवत असे. भेटी घड्याळाला, शरीर काळाला. हे सूत्र मीनलने समितीपुढे मांडले होते आणि ते एकमताने मंजूर झाले होते. ते सूत्र बरोबर होते. आजही बरोबर आहे.

संध्याकाळी सहाला तिने नेहमीप्रमाणे वेंगुर्ल्याला फोन लावला.

रघुवीर आरोलकर हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. पत्नी गेल्यावर ते त्याच भाड्याच्या घरात राहिले, जिथे त्यांच्या वडिलांनीही भाडे भरले होते. मालक दर वर्षी घर सोडता का म्हणून विचारायला येई आणि मास्तर दर वर्षी त्याला चहा पाजून परत पाठवत. मग त्यांना कंपवात झाला. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडू लागते, हालचालींना सुरुवातच होत नाही, चेहऱ्यावरचे भाव गोठतात, आवाज पुटपुटण्यापलीकडे जात नाही. लेव्होडोपाची गोळी ही उणीव भरून काढते, पण ती पाऊण तासाने लागू होते आणि पुढच्या गोळीच्या आधीच ओसरते. आजार जुना झाला की हा चढउतार कड्यासारखा होतो: एका तासाला माणूस चालतो, बोलतो, थट्टा करतो, दुसऱ्या तासाला त्याला शर्टाचे बटण लावता येत नाही.

वेंगुर्ल्याच्या घरात गोळ्यांची एक यांत्रिक पेटी होती. ठरावीक अंतराने ती वाजे आणि वाटीत गोळी टाके. तिच्या वेळा डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय कुणालाही बदलता येत नसत. दुपारची गोळी पाचला पडत असे. दोन वर्षांपूर्वी डॉ. तेंडोलकरांनी कागदावर तो चढउतार काढून दाखवला, तेव्हा मीनलने वक्राच्या शिखरावर बोट ठेवले आणि रोजच्या फोनची वेळ सहा ठरवून टाकली. पुढे सवय झाली. वेळ दिनदर्शिकेत राहिली. ती का निवडली हे कुठेच नोंदलेले नव्हते, आणि डोक्यातल्या गोष्टी कामाच्या रेट्यात झिजतात.

आदल्याच आठवड्यात बाबा पडद्यावर आरामात रेलून बसले होते.

"काय गं मिनू, पेपरात तुझा फोटो आलाय. 'काळाची सूत्रं कोकणकन्येच्या हाती' म्हणे."

"बाबा, ते काहीतरी छापतात."

"छापू देत. मी वाचनालयात सगळ्यांना दाखवला. तो केळुसकर विचारत होता, मास्तर, मुलीला सांगून माझी बायको माहेरून यायची तारीख दोन महिने पुढे ढकलता येईल का?"

आणि आता, उन्हाळी वेळेच्या पहिल्या संध्याकाळी, तेच बाबा पडद्याच्या एका कडेला कलले होते. ओठ हलत होते, पण शब्द सुटे होऊन बाहेर येत नव्हते.

"बाबा? ऐकू येतंय ना? आज सगळं नीट पार पडलं."

बऱ्याच वेळाने एक शब्द आला. "छान."

"दमलात का?"

त्यांनी मान हलवली, की ती आपोआप हलली, हे तिला कळले नाही.

पेटीने जे करायला हवे होते तेच केले होते. गोळ्यांमधले अंतर तिने अचूक पाळले. त्यामुळे नव्या घड्याळात दुपारची गोळी पाचऐवजी सहाला पडू लागली. फोननेही जे करायला हवे होते तेच केले. तो घड्याळाबरोबर सरकला आणि नव्या सहालाच वाजू लागला. जो फोन आजवर वक्राच्या शिखरावर येत होता तो आता तळाशी येऊन पडला. यंत्रणेच्या दृष्टीने या दोन स्वतंत्र नोंदी होत्या. त्यांच्यातला संबंध माहीत असलेली व्यक्ती देशात एकच होती, आणि दोन्ही नियम तिनेच लिहिले होते. त्या दिवशी ती पडद्यावरचे हिरवे ठिपके मोजत होती.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशीही. एप्रिलच्या मध्यावर तिने डॉ. तेंडोलकरांना फोन केला.

"आजार पुढे सरकू शकतो," डॉक्टर म्हणाले. "पण इतका एकदम? दिवसभराचा आलेख पाहायला हवा. कुणी पाहतंय का त्यांना दिवसभर?"

"मी रोज पाहते, डॉक्टर."

हे ती खोटे बोलत नव्हती. ती रोज पाहत होती, एकाच वेळी. निरीक्षणाची वेळ स्थिर ठेवली की निरीक्षण विश्वासार्ह होते, असे तिला वाटत होते. ती स्थिर राहिली आहे का, हा प्रश्न तिने स्वतःच्या बाबतीत विचारला नाही. तो ती इतरांना विचारायची. त्याचाच तिला पगार मिळत होता.

मे महिन्यात ती वेंगुर्ल्याला गेली. ज्या दिवशी पोचली त्या संध्याकाळी, गोळी लागू झाल्यावर, सातच्या सुमारास बाबा काठी घेऊन उठले.

"चल, वाचनालयापर्यंत जाऊन येऊ. ऊन आता उतरलंय."

"बाबा, जमेल तुम्हाला?"

"मला जमेल. तुला चढ जमेल का ते बघ, नागपुरात सगळं सपाट."

ते चालले. वाटेत फणसाच्या झाडाखाली थांबून त्यांनी सावली दुपारी निळी का दिसते आणि आता जांभळी का, हे तिला समजावले. लेक आल्याचा आनंद, तिने मनाशी म्हटले. असा आनंद एखादा दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास ते अंगणातल्या खुर्चीतून उठू शकले नाहीत, आणि तिचा अंदाज खरा ठरला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात की सिद्धांताशी न जुळणारे निरीक्षण सर्वांत मौल्यवान असते. तिने नेमके तेच निरीक्षण अपवाद म्हणून बाजूला ठेवले.

त्याच वेळी, त्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसून, तिने विषय काढला. कोल्हापूरला एक चांगले शुश्रूषागृह होते. चोवीस तास माणसे होती. पेटी तिथे नेता येणार होती.

"जाल का, बाबा?"

त्यांचे डोळे तिच्याकडे वळले. ओठ जुळले, सुटले. तिने बराच वेळ थांबून पाहिले.

"तुला," ते म्हणाले, "बरं... वाटेल... तसं."

तिने याला संमती मानले. चाव्या मालकाला तिनेच दिल्या. तो चहाला थांबला नाही.

उन्हाळा सरला, पावसाळा सरला. शुश्रूषागृहातून दर आठवड्याला 'प्रकृती स्थिर' असा संदेश येई. पडून हाड मोडू नये म्हणून तिथे आरोलकरांना चाकाच्या खुर्चीत ठेवत. प्रत्येक रुग्णाला चालवण्यासाठी एकेक मदतनीस देणे त्यांना परवडत नव्हते, आणि मीनलनेही सावधगिरीच्या कागदावर सही केली होती. ती रोज सहाला फोन लावे. बोलणे तीच करी. केंद्रातल्या गोष्टी सांगे, इंगोलेच्या सांगे, आणि शेवटी "झोपा हं आता" म्हणे, जणू पलीकडे लहान मूल आहे. एकदा तिने ऐकले की पलीकडून मदतनीस कुणाला तरी म्हणाली, "लेक रोज फोन करते, नशीबवान म्हातारा."

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुन्हा मागे आली. याही वेळी काही घडले नाही. इंगोलेने केंद्रात पेढे वाटले.

"मॅडम, आता लोकांना सवय झाली. पुढच्या वर्षी वाहिनीवालेसुद्धा येणार नाहीत. आपण इतके यशस्वी झालो की आपली गरजच उरली नाही."

सहाला तिने फोन लावला. पडद्यावर बाबा ताठ बसले होते.

"मिनू, तुझे केस एवढे पिकलेत, का या पडद्याचाच रंग गेलाय?"

ती हसली. मग रडू लागली. मग पुन्हा हसली. "बाबा, तुम्ही! किती छान बोलताय आज! डॉक्टरांनी काही बदललं का?"

"कुणी काही बदललं नाही. इथं बदलतं ते फक्त आमटीचं पाणी."

ते विसेक मिनिटे बोलले. तिथल्या भिंतीवर लावलेल्या धबधब्याच्या चित्रात पाणी वर चढताना कसे दिसते, यावर त्यांनी पुष्कळ वेळ घालवला. फोन ठेवल्यावर मीनल आनंदात खिडकीशी जाऊन उभी राहिली. आनंद फार टिकला नाही. तिचे प्रशिक्षणच असे होते की दोन गोष्टी एकाच तारखेला बदलल्या तर तिला चैन पडत नसे.

तिने पेटीची नोंद उघडली. दुपारची गोळी: पाच वाजता. तिने मार्चपासूनच्या नोंदी उघडल्या. दुपारची गोळी: सहा वाजता, सहा वाजता, सहा वाजता. शेजारी तिच्या स्वतःच्या दिनदर्शिकेतली ओळ होती. सहा वाजता, बाबा.

दुसऱ्या दिवशी तिने इंगोलेला दोन्ही नोंदी दाखवल्या. त्याने त्या लक्षपूर्वक तपासल्या.

"दोन्ही बरोबर आहेत, मॅडम. चूक कुठे आहे?"

"चूक नाही."

"मग दुरुस्त काय करायचं?"

तिने त्याला बाबांच्या गोळीचे आणि रोजच्या फोनचे सांगितले. तिचे म्हणणे कळल्यावर इंगोले खुर्चीवर बसला, आणि त्या दिवशी पुन्हा त्याने थट्टा केली नाही.

तिने वेंगुर्ल्याला शेजारच्या शेवंतीकाकूंना फोन केला.

"काकू, उन्हाळ्यात बाबा कसे होते? मी त्यांना कोल्हापूरला नेलं त्याच्या आधी?"

"कसो म्हणजे? बरो होतो की! रोज सात वाजता माका हाक मारून वाचनालयात जाय होतो. 'शेवंती, घर सोडूक सांगतत गो माका,' म्हणान एकदा म्हणालो. माका वायट वाटला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"अगो मिने, तू एवढी शिकलेली. माका वाटला, डॉक्टरान सांगल्यान आसतला. मी तुका काय सांगूचा?"

"घराला कुलूप आहे का अजून? मालकांशी बोलू का मी?"

"घर खंय गो आता? मालकान कधीच पाडल्यान. थंय पर्यटकांसाठी खोल्ये बांधतत."

डॉ. तेंडोलकरांनी तिचे सगळे ऐकून घेतले. ते चांगले डॉक्टर होते. त्यांनी दोष कुणालाच दिला नाही. "गोळीची वेळ, फोनची वेळ, हे जुळवणं सोपं आहे," ते म्हणाले. "पण पाच महिने खुर्चीत गेलेले पाय या वयात, या आजारात, पूर्वीसारखे होतील असं मी सांगू शकत नाही. आपण व्यायाम सुरू करू. आशा ठेवू नका असं म्हणत नाही, बेताची ठेवा."

शनिवारी ती कोल्हापूरला गेली. सहाच्या आत पोचेल अशी गाडी तिने घेतली होती. बाबा व्हरांड्यात होते. पायांवर शाल होती. तिने खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली आणि एखाद्या तांत्रिक अहवालासारखे सगळे सांगितले: सेकंद, नियम, दोन प्रकारचे बेत, पेटी, फोन. अशा प्रकारे सांगितल्याशिवाय तिला ते सांगता आले नसते. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही.

"हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," ते म्हणाले. "पेटी सहाला वाजायची आणि तुझाही फोन सहाला वाजायचा. दोन्ही एकदमच. न कळायला काय झालं?"

"मग सांगितलं का नाहीत, बाबा? सातला तुम्ही फोन करायचा होता. तेव्हा तुम्हाला बोलता येत होतं."

"तू कामात असशील असं वाटायचं. आणि..." ते जरासे ओशाळले. "वेळ तूच बदललीस म्हणून पेपरात आलं होतं. देशाची वेळ बदलणाऱ्या माणसाला मी काय सांगणार की तुझा फोन तासभर चुकतोय? मी धरून चाललो, हिला माहीत असणारच. हिला सातला जमत नसेल, म्हणून ही सहाला करते."

"आणि घर? मी विचारलं तेव्हा सांगता आलं नाही, कळतं मला. पण नंतर?"

"नंतर वाटलं, तू मला रोज त्या अवस्थेत बघत होतीस. तुझा जीव घाबरा झालेला दिसायचा पडद्यावर. म्हटलं, जावं. निदान पोरीला झोप लागेल."

मदतनीस चहाचे पेले ठेवून गेली. त्यांनी आपला पेला दोन्ही हातांनी उचलला. हात थरथरले नाहीत. समोरच्या रस्त्यावर शाळेची मुले सायकली पिटाळत घरी चालली होती.

"मला सातला सगळं बोलायला यायचं, मिनू. पुष्कळ सुचायचं. म्हणायचो, उद्या हिला हे सांगू, ते सांगू. आणि तू सहालाच येऊन गेलेली असायचीस."

"आता सांगा," ती म्हणाली. "आता वेळ आहे. काय सांगायचं होतं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. चेहरा मोकळा होता, डोळे स्वच्छ होते, वाचा शाबूत होती. त्यांनी खरोखरच आठवून पाहिले; ती त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे पाहत राहिली.

"आता नाही आठवत गं," ते म्हणाले.